बाळाचा श्वास कसा मोजावा?
नवजात बाळ मोठ्यांपेक्षा बरेच जलद श्वास घेते. मिनिटाला ३० किंवा जास्त, पण ६० पेक्षा कमी श्वास सर्वसाधारण मानतात. मोजताना बाळ शांत हवे. रडताना किंवा दूध पिताना मोजू नये. कपडा वर करून पोट पाहावे. पोट एकदा वर येऊन खाली गेले, की एक श्वास. बाळाचा श्वास मध्येच पाच-दहा सेकंद थांबतो, म्हणून पाव मिनिटाची चौपट न करता घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजावे. आकडा ६० किंवा जास्त आला, तर पुन्हा मोजावे. तसाच आला, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

छातीचा खालचा भाग खोल आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे, जीभ-ओठ निळे पडणे किंवा श्वास २० सेकंदांहून जास्त थांबणे, यांतले एकही लक्षण दिसले तर मोजत बसू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा. वाटेत बाळाला आईच्या छातीशी उबेत धरावे, कारण गारठ्याने त्याची ऑक्सिजनची गरज वाढते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना अशी तपासणी शिकवली. आज घरभेटीला येणाऱ्या आशाताईही ती करतात. शंका असेल, तर त्यांना विचारावे.