एस.टी.चे स्मार्टकार्ड
अकोल्यातून १९९८ साली विभक्त झालेल्या वाशीम जिल्ह्यात रिसोड, मंगरूळपीर वा कारंज्याहून जिल्ह्याच्या कचेरीत येणाऱ्या रयतेची मुख्य भिस्त एस.टी.वर असल्याने, राज्य परिवहन महामंडळाने २०१९ मध्ये सवलतधारकांसाठी जारी केलेल्या स्मार्टकार्डाचे स्वरूप येथे समजून घेणे अगत्याचे आहे. कार्डातील सूक्ष्म चिपमध्ये धारकाची ओळख व सवलतीचा प्रकार नोंदलेला असे; वाहकाने ते तिकीटयंत्राला टेकविताच तपशील पटे व तदनुसार तिकीट निघे, ज्यायोगे एका इसमाच्या नावावर दुसऱ्याने प्रवास करणे दुष्कर होई. (त्यापूर्वीच्या कागदी पासावरील धूसर छायाचित्र न्याहाळणाऱ्या वाहकाची कीवच येई!) महिलांना मार्च २०२३ पासून लाभलेली निम्म्या भाड्याची सवलत मात्र या कार्डावाचूनच मिळू लागली.