शत्रूचा रंग, शत्रूची चाल

‘पॅक-मॅन’ या व्हिडिओ गेममधली (१९८०) चारही भुतं आकाराने हुबेहूब सारखी, वेगळा फक्त रंग. १६ बाय १६ पिक्सेलच्या त्या आकृतीत पारदर्शक जागा सोडून तीनच रंग बसत. त्यामुळे तीच आकृती रंग बदलून पुन्हा वापरणं ही मेमरी वाचवण्याची सोय होती, असं म्हटलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. लाल भूत थेट पाठलाग करतं, गुलाबी पुढची वाट अडवायला जातं, नारिंगी जवळ आलं की माघार घेतं. पॅक-मॅनने मोठी गोळी खाल्ली की सगळी निळी पडून पळत सुटतात आणि मुदत संपत आली की निळी-पांढरी लुकलुकतात. म्हणजे खेळाडू चेहरा वाचतच नाही, रंग वाचतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्येही (१९८५) हिरवं कासव कडेवरून खाली पडतं, लाल मात्र मागे वळतं.

मग लाल-हिरव्यातला भेद ज्यांना दिसत नाही त्यांचं काय? हा आक्षेप वजनदार आहे. म्हणूनच रंगाइतकाच उजेड-अंधाराचा फरक सांभाळावा लागतो: चित्र करडं करून पाहिलं तरी शत्रू पार्श्वभूमीतून उठून दिसला पाहिजे.