बीडवरील आकाशाची मंद दीप्ती

बीड जिल्हा सुमारे १९ उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुवीय प्रकाशाचे दर्शन तेथे जवळजवळ अशक्य असले, तरी तेथील रात्र पूर्ण काळोखी कधीच नसते; सूर्याच्या अतिनील किरणांनी दिवसा विलग केलेले प्राणवायूचे अणू व विद्युतभारित कण रात्री पुन्हा संयोग पावताना जो क्षीण प्रकाश बाहेर टाकतात, त्याला वातावरणीय दीप्ती किंवा ‘एअरग्लो’ म्हणतात. त्यातील हिरवा प्रकाश सुमारे ९७ किलोमीटर उंचीवरून, तर तांबडा सुमारे २५० किलोमीटरवरून येतो.

नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेने कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात, संपूर्ण आकाश एकाच चित्रात टिपणाऱ्या कॅमेऱ्याने या दीप्तीचा अभ्यास केला आहे. आणि विलक्षण बाब अशी, की बीड तेथून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर दूर असूनही तांबडा थर इतका उंच आहे, की बीडच्या माथ्यावरील त्याचा भाग कोल्हापूरहून क्षितिजाच्या सुमारे ३८ अंश वर येतो. अशा चित्रांत कधी कधी दक्षिणोत्तर पसरलेले काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना आढळतात. ते ‘प्लाझ्मा बुडबुडे’, म्हणजे सूर्यास्तानंतर आयनांबरात, वातावरणाच्या विद्युतभारित थरात, निर्माण होणारे विरळ प्रदेश होत. त्यांतून जाणारे उपग्रहांचे संदेश विस्कळीत होतात, म्हणून या संशोधनाचे मोल केवळ कुतूहलापुरते नाही.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरत असल्याने तेथील अंतराळवीरांना हिरवा थर कडेने, पृथ्वीला वेढणाऱ्या कमानीसारखा, नुसत्या डोळ्यांनी दिसतो.