हौस जुन्या मोटारीची

सायकलींचे शहर म्हणून पुण्याची एके काळी ख्याती होती. ज्या वाड्यात दहा बिऱ्हाडे आणि पंधरा सायकली, तेथे मोटार ही दारात उभी करण्याची नव्हे, तर रस्त्याने जाताना पाहण्याची वस्तू होती. डॉक्टरांची फियाट आळीत शिरली की पोरे तिच्यामागे धावत. ती पोरे आता साठी ओलांडून गेली. मुले मार्गी लागली, बँकेत चार पैसे आहेत, आणि मनात ती फियाट अजून धावतेच आहे. अशा एखाद्या गृहस्थांनी चहाच्या वेळी, "एक जुनी मोटार घ्यावी म्हणतो," असे हळूच म्हणावे आणि घरात क्षणभर शांतता पसरावी, हे दृश्य आज पुण्याला नवीन नाही.

हौसेला मोल नसते म्हणतात. मोटारीला मात्र असते. तेव्हा सौदा करण्यापूर्वी चार गोष्टी पाहिलेल्या बऱ्या.

दाखवायची की चालवायची?

हा प्रश्न पहिल्याने सोडवावा. कारण ह्या दोन वाटा आता कायद्यानेच वेगळ्या केल्या आहेत. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने 'व्हिंटेज' मोटारींसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ह्या वर्गात नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि नंबरात 'व्हीए' ही मानाची अक्षरे. पण मेख पुढेच आहे. ही गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच तिने बाहेर पडायचे. म्हणजे मानाची पाटी मिळाली, आणि मंडईत जायची सोय गेली!

ज्यांना रविवारी मंडळींना घेऊन सिंहगडाकडे जायचे आहे, त्यांनी साधी नोंदणीच चालू ठेवावी. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. २०२५ साली २० वर्षांवरील मोटारींसाठी हे शुल्क १०,००० रुपये झाले. राज्याचा पर्यावरण कर निराळा.

गैरसोयीचे वरदान

आता गाडी कोणती घ्यावी? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९७४ मध्ये तिचेच नाव 'पद्मिनी' झाले आणि २००० सालापर्यंत ती निघत राहिली. तिकडे बंगालात उत्तरपाड्याची अँबॅसडर १९५८ च्या सुमारास रस्त्यावर आली, ती थांबली २०१४ मध्ये. मधल्या काळात पुढची जाळी बदलली, दिवे बदलले. आतली घडण बरीचशी तीच राहिली.

त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि अखेर हाती येई ती जुन्याच घाटाची गाडी. लोक कुरकुरत, आणि ते रास्तच होते. पण तीच गैरसोय आज वरदान ठरली आहे. जुन्या फियाटला पुढच्या पद्मिनीचे कितीतरी भाग बसतात. मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड दिसायला देखणी, तिचे बोनेट तर दोन्ही मडगार्डांसकट पुढे उघडते. पण ती थोडीच वर्षे निघाली. डीसोटो, प्लिमथ ह्या अमेरिकन धाटणीच्या गाड्यांचे तर विचारूच नका. गाडी एकदा मिळेल, तिची काच मिळायची नाही.

मात्र हे वरदान कायमचे नव्हे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचा प्रवास २०२३ च्या ऑक्टोबरात संपला. हजारो टॅक्सी धावत होत्या तोवर सुट्या भागांना गिऱ्हाईक होते आणि मिस्त्रींना काम होते. आता ती भिस्त हौशी मालकांवर आहे.

आधी मिस्त्री, मग मोटार

म्हणून शोध मोटारीपासून नव्हे, मिस्त्रीपासून सुरू करावा. कार्ब्युरेटर कानाने लावणारे हात आता थकत चालले आहेत. नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करावी. फियाटचे सामान न्यायला अजून कोण येतो, हे दुकानदाराइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? एकदा असा मिस्त्री भेटला, की कोणत्या सोसायटीत ताडपत्रीखाली कोणती गाडी उभी आहे, हेही बहुधा त्याच्याकडूनच कळते. दाराच्या मुठी, हॉर्न, दिवे असल्या किरकोळ वस्तूंसाठी जुना बाजार आहेच.

बोनेटला हात लावा

गाडी पाहायला जाल तेव्हा प्रथम बोनेटला हात लावा. ते गरम लागले, तर मालकाने तुमच्या आधीच इंजिन चालू करून ठेवले आहे असे समजा. जुन्या इंजिनाची परीक्षा ते थंड असतानाच होते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे; पांढरा धूर थांबतच नसेल तर आत पाणी शिरत असण्याचा संशय घ्यावा.

रंगाच्या चकाकीला भुलू नका. फडक्यात लोहचुंबक गुंडाळून दाराखालच्या पट्टीवरून फिरवा. जेथे तो चिकटत नाही, तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. पायाखालचे रबर उचला, डिकीतले जादा चाक बाजूला करा. फियाटला वेगळा सांगाडा नाही. पत्रा हाच सांगाडा. तो सडला, तर गाडीची हाडेच गेली. ह्या बाबतीत खाऱ्या हवेतल्या गाडीपेक्षा आपली पुणेरी गाडी सहसा उजवी. शेवटी कात्रजचा घाट चढून उतरा. चढताना इंजिन किती तापते आणि उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतो का, हे तेथे आपोआप कळेल.

कागद तर आधीच पाहावेत. इंजिन आणि चॅसिसचे नंबर पुस्तकाशी ताडून घ्या. पुस्तकावर कैलासवासी वडिलांचेच नाव असेल, तर वारसांकडून नावबदल झाल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी परजिल्ह्यातली असेल, तर तेथील कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा.

गाडी दारात आल्यावर जुन्या रबरी नळ्या तेवढ्या पहिल्याने बदला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुने रबर त्याने खराब होते. गळके पेट्रोल आणि तापलेले इंजिन ह्यांची गाठ पडू देऊ नये.

आणि मग तिला बसवून ठेवू नका. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेक अडकतात, टाकीतले पेट्रोल शिळे होते. दर रविवारी तिला पर्वतीपर्यंत का होईना, फिरवून आणा. तुमची गाडी चालली तर मिस्त्रीचे दुकान चालेल, त्याच्या हाताखालचा पोरगा काम शिकेल, आणि तुमच्या नातवाला गाडीबरोबर ती दुरुस्त करणारा माणूसही मिळेल.