चौघंही ‘हिरो’ झाले की टीम हरते : बीजीएमआयमधली कामाची वाटणी

इचोडा : संध्याकाळ झाली की हायवेच्या कडेला, चहाच्या टपरीपाशी नाहीतर कोणाच्या तरी ओसरीवर चार पोट्टे मान खाली घालून बसलेले दिसतात. मधेच आरडाओरडा होतो. “अबे, उचल ना मला!” “तू कुठं गेला बे एकटा?” दोन मिनिटांनी भांडण. मोठ्यांना हे सगळं नुसतं ठॉय-ठॉय वाटतं. पण नीट कान देऊन ऐकलं तर लक्षात येतं, की भांडण नेम चुकल्याचं नसतंच. कोण कोणाला सोडून गेलं, त्याचं असतं.

म्हणून आज जरा समजून घेऊ, की चौघांच्या या खेळात कोणाचं काम काय असतं. खेळणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल, आणि आईवडिलांना पोरगा कशावरून एवढा चिडतो ते कळेल.

खेळ थोडक्यात

पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. त्यानंतर क्राफ्टन कंपनीनं जुलै २०२१ मध्ये खास भारतासाठी बीजीएमआय आणला. मधे जुलै २०२२ ते मे २०२३ तोही बंद होता. खेळ साधा आहे. विमानातून साधारण १०० खेळाडू उतरतात. स्क्वाड खेळत असाल तर चौघांच्या २५ टीम. एरँगल हा जुना नकाशा ८ किलोमीटर लांब, ८ किलोमीटर रुंद. सुरक्षित जागेचा गोल हळूहळू लहान होत जातो आणि सगळ्यांना एकमेकांसमोर आणतो. शेवटी जी टीम उरते ती जिंकते.

यातला एक नियम सगळ्यात महत्त्वाचा. गोळ्या लागून ताकद संपली की खेळाडू लगेच बाद होत नाही, आधी ‘नॉक’ होतो आणि रांगत राहतो. सोबत्यानं जवळ येऊन साधारण दहा सेकंद दिले तर तो परत उभा राहतो. मात्र उभा असलेला शेवटचा गडी पडला, की रांगणारे सगळे त्याच क्षणी बाद. म्हणजे तुमचा जीव तुमच्या एकट्याचा नाही.

कबड्डी खेळणाऱ्याला हे नवीन नाही. आपल्या रेडरनं समोरचा गडी मारला, की आपला बाहेर बसलेला गडी आत येतो. एकटा रेडर कितीही चपळ असू द्या, मागं कॉर्नर आणि कव्हर नसतील तर टीम टिकत नाही. इथंही तसंच आहे.

चौघांची चार कामं

आयजीएल : म्हणजे टीमचा कप्तान. कुठं उतरायचं, गाडी कधी काढायची, कोणाशी भिडायचं आणि कोणाला सोडून द्यायचं, हे तो ठरवतो. त्याची नजर बंदुकीपेक्षा नकाशावर जास्त असते. त्याचा निर्णय चुकू शकतो. पण चौघांनी मिळून घेतलेला चुकीचा निर्णय बऱ्याचदा निभावून जातो. चौघं चार दिशांना पळाले तर निभावत नाही.

असॉल्टर : सगळ्यात आधी घरात घुसणारा. याला हिंमत लागते, तसा भरवसाही लागतो. तो आत गेला आणि मागचे दोघं अजून पेट्या लुटत बसले असतील, तर त्याची हिंमत फुकट गेली.

सपोर्ट : याचं नाव कोणी घेत नाही, आणि टीम याच्यावरच चालते. स्मोक ग्रेनेड, जास्तीची औषधं, पट्ट्या हाच बाळगतो. कोणी पडलं की आधी धूर करतो, मगच उचलायला जातो. धूर न करता धावला तर एकाच्या जागी दोघं पडतात. सामन्याच्या शेवटी याच्या नावापुढं किल कमी दिसतात. ‘तू काय केलं?’ असं त्याला विचारणाऱ्यानं आपण किती वेळा उचलले गेलो, ते आधी मोजावं.

स्नायपर किंवा स्काउट : दुरून पाहणारा. उंचावर, जरा बाजूला थांबतो. त्याचं पहिलं काम खबर देणं, मारणं नंतर. मात्र फार लांब गेला तर त्याला उचलायला कोणी पोचत नाही.

ही वाटणी दगडावरची रेघ नाही. सपोर्टसमोर शत्रू आला तर त्यानंही गोळी चालवायचीच. पण आपलं पहिलं काम कोणतं, हे खेळ सुरू व्हायच्या आधी ठरलेलं पाहिजे. बंदुकाही तशाच वाटून घ्या. एम-४१६ ला ५.५६ ची गोळी लागते, एकेएमला ७.६२ ची. चौघांनी एकच गोळी धरली तर अर्ध्या सामन्यात चौघंही मागत फिरतात.

बोलायचं कसं?

आपल्या भागात हा प्रश्न खरा आहे. एकाच टीममध्ये घरी मराठी बोलणारा, तेलुगू बोलणारा, गोंडी किंवा लंबाडी बोलणारा, असे सगळे असतात. बाजारातली हिंदी-उर्दू सगळ्यांना येते. मग घाईत ज्याच्या तोंडात जे येईल ते निघतं, आणि ऐकणारा गोंधळतो.

उपाय सोपा आहे. दहा-बारा शब्द ठरवून घ्या आणि तेच वापरा. नॉक, कव्हर, स्मोक, पुश, मागं. त्यातला ‘मागं’ मराठीच राहिला तरी काही बिघडत नाही, सगळ्यांना माहीत असला म्हणजे झालं.

दुसरी गोष्ट, ‘उजवीकडं आहे’ असं सांगू नका. माझी उजवी बाजू तुमची डावी असू शकते. पडद्यावर वर होकायंत्राचे आकडे दिसतात : पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. आधी आकडा, मग किती जण, मग कशाच्या आड. “टू फोर्टी, दोघं, झाडामागं.” एवढं पुरे. आकडे एकाच भाषेत बोला.

तिसरी गोष्ट, नॉक झालेल्यानं ओरडू नये. कुठून गोळी आली ते एकदा सांगायचं आणि गप्प राहायचं. उभा असलेल्याला पावलांचा आवाज ऐकायचा असतो. निम्म्या टीम इथंच हरतात.

आणि ज्याचं नेटवर्क त्या दिवशी अडखळतंय, एरवी ५० च्या आसपास असलेला पिंग २०० च्या वर जातोय, त्यानं ते आधीच सांगून टाकावं. त्याला दारात पहिला पाठवू नका. सपोर्ट करू द्या. सांगण्यात कमीपणा नाही.

गुणांचा हिशेब

अलीकडच्या मोठ्या बीजीएमआय स्पर्धांत पहिल्या येणाऱ्या टीमला १० गुण, दुसरीला ६, तिसरीला ५ आणि प्रत्येक किलला १ गुण मिळतो. आठव्या नंबरच्या खाली गेलं की जागेचे गुण शून्य. आता बघा. एक टीम सगळ्यांशी भिडली, ९ किल घेतले आणि बाराव्या नंबरवर बाद झाली : ९ गुण. दुसरीनं फक्त ३ किल घेतले, पण दुसरी आली : ६ आणि ३ मिळून तेवढेच ९. तीच पहिली आली असती तर १३. म्हणजे नुसते किल मोजणारा अर्धाच हिशेब करतो.

मोठ्या स्पर्धा आपल्यापासून फार लांब झालेल्या नाहीत. पबजी मोबाइल इंडिया सिरीजची फायनल मार्च २०१९ मध्ये हैदराबादला झाली आणि टीम सोल जिंकली. त्यातला ‘मॉर्टल’ म्हणजे मुंबईचा नमन माथुर पुढं देशभर माहीत झाला. पण करंडक टीमच्या नावावर आहे, एकट्याच्या नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द

बीजीएमआयमध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे आणि त्यांच्यासाठी पालकांचा मोबाइल नंबर मागितला जातो. पोरानं स्वतःचं वय वाढवून टाकलं असेल तर ही मर्यादा कामाची राहत नाही, म्हणून खातं उघडताना जवळ बसा. ‘एंट्री फी भर, जिंकला तर दहापट’ असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. त्यात ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता आहे, जुगाराला नाही.

आणखी एक. सामना साधारण अर्ध्या तासाचा असतो. मधूनच फोन हिसकला की बाकी तिघंही अडचणीत येतात, आणि पोरगा भांडतो तो बहुतेक वेळा त्यासाठी. “हा सामना झाला की बंद,” असं सांगून बघा. आणि पोट्टेहो, तुम्हीही तो शब्द पाळा. नॉक झालेल्या मित्राला सोडून न जाणारा गडी घरात आवाज दिल्यावरही उठतो, असं दिसलं तर उद्या खेळू द्यायला कोणी नाही म्हणणार नाही.