नाकातली लस आणि दंडातली लस

पावसाळ्यात लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर गर्दी उसळते आणि मावळातल्या दवाखान्यांतही. तापाचं खापर भिजण्यावर फुटतं. विषाणू नामानिराळा राहतो. पश्चिम महाराष्ट्रात फ्लूचा जोर जुलै ते सप्टेंबरात असतो, श्रीनगरला तो थंडीत असतो. त्यामुळे लोणावळेकरांनी लस घ्यायची ती पावसाआधी. युरोपासारखी ऑक्टोबरात नव्हे.

पण कोणती?

३ ऑगस्ट २००९ला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. पुढच्याच वर्षी देशी लसी आल्या. त्यांतल्या दोघींचा स्वभाव अगदी वेगळा. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची 'व्हॅक्सिफ्लू-एस' मेलेल्या विषाणूची, दंडात टोचायची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'नेसोव्हॅक' जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची, नाकपुड्यांत फवारायची. तिचं मूळ वाण लेनिनग्राडचं. नाकाच्या गारव्यात ते वाढतं, फुप्फुसाच्या उबेत नीट वाढत नाही.

त्रासही ज्याच्या-त्याच्या जागी. सुईने दंड ठणकतो, कधी एखादा दिवस कणकण येते. 'लसीनेच फ्लू झाला' ही तक्रार मात्र इथे टिकत नाही, मेलेला विषाणू वाढणार कसा? फवाऱ्याने नाक वाहतं, चोंदतं, घसा खवखवतो. ही लस जिवंत असल्याने गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांना देत नाहीत.

खरी गोची परिणाम मोजताना होते. रूढ चाचणी रक्तातली प्रतिपिंडं मोजते, आणि तिथे नाकातल्या लसीला मार्क कमी पडतात. तिचं बरंचसं काम नाकाच्या अस्तरात आणि टी-पेशींत चालतं. तिला रक्तावरून नापास करणं अन्यायाचंच. तरी तिची बाजू घेणाऱ्यालाही जपून बोलावं लागतं. २०१३मध्ये सीरमची हंगामी नाकातली लस बांगलादेश आणि सेनेगलमधल्या लहान मुलांना दिली गेली. लसीशी जुळणाऱ्या विषाणूंपासून बांगलादेशात सुमारे ५८ टक्के संरक्षण मिळालं, सेनेगलात फायदा दिसलाच नाही. अशाच एका फवाऱ्याची शिफारस अमेरिकेने २०१६पासून दोन हंगाम थांबवली. ब्रिटन मुलांना तो देतच राहिलं.

म्हाताऱ्यांचं गणित वेगळं. वयानुसार प्रतिसाद मंदावतो, म्हणून पासष्टीपुढच्यांसाठी काही देशांत चौपट मात्रेची सुई आहे: दर वाणामागे १५ऐवजी ६० मायक्रोग्रॅम. अमेरिका-कॅनडातल्या सुमारे ३२ हजार ज्येष्ठांच्या चाचणीत नेहमीच्या लसीपेक्षा तिने फ्लू २४ टक्क्यांनी कमी केला. दंडही तिने जास्त दुखतो.