मोटारीतला उपग्रह रेडिओ

गाडी घाटात शिरली की रेडिओवरचं गाणं जातं आणि नुसती खरखर उरते, हे आपण सर्वांनी ऐकलेलं आहे. असं का होतं? एफ. एम.च्या लहरी प्रकाशासारख्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला किंवा मनोरा फार लांब राहिला, की त्या आपल्यापर्यंत पोचत नाहीत.

अमेरिकेत लोक दिवस-दिवस मोटार चालवत लांब जातात. वाटेत दर तासा-दोन तासांनी स्टेशन बदलावं लागे. मग मनोराच आकाशात नेऊन ठेवला तर? तिथे २००१ साली एक्सएम आणि २००२ साली सिरियस या कंपन्यांनी उपग्रह रेडिओ सुरू केला. २००८ साली त्या एकत्र झाल्या.

काम कसं चालतं?
जमिनीवरच्या केंद्रातून कार्यक्रम उपग्रहाकडे पाठवतात. उपग्रह तो साऱ्या देशावर खाली सोडतो. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्या बरोबरीने फिरतो, म्हणून आपल्या दृष्टीने तो एकाच जागी असतो. शहरात उंच इमारती आड येतात, तिथे जमिनीवर मदतीला छोटे मनोरे उभारलेले आहेत. आणखी एक गंमत आहे. तोच कार्यक्रम दोनदा पाठवतात, दुसरा काही सेकंद उशिराने. त्यामुळे मोटार छोट्या पुलाखालून गेली तरी गाणं तुटत नाही. लांब बोगद्यात मात्र ते बंद पडतं.

मोटारीत कसा बसवतात?
नव्या पुष्कळ मोटारींत हा संच कारखान्यातूनच बसवून येतो. जुन्या मोटारीत असा बसवतात :
१) एरियल : काडेपेटीएवढं असतं. खाली लोहचुंबक असल्यामुळे टपावर घट्ट चिकटतं. वर आकाश मोकळं हवं. डिकीत किंवा सीटखाली ठेवून चालत नाही.
२) वायर : दाराच्या रबरी पट्टीखालून आत घेऊन कडेकडेने पुढे आणतात. चालकाच्या पायात येऊ द्यायची नाही!
३) वीज : मोटारीतल्या १२ व्होल्टच्या खाचेतून मिळते.
४) आवाज : संचापासून मोटारीच्या रेडिओला वायर जोडतात. म्हणजे झालं!

वर्गणी कशी भरतात?
प्रत्येक संचाला स्वतःचा क्रमांक असतो. बहुतेक संचांवर शून्य नंबरचं स्टेशन लावलं की तो दिसतो. तो कंपनीला कळवून वर्गणी भरायची. मग मोटार मोकळ्यावर उभी करून संच चालू ठेवायचा. कंपनी उपग्रहातूनच त्या क्रमांकासाठी खूण पाठवते आणि तेवढाच संच खुला होतो. वर्गणी थांबली की पुन्हा कुलूप. घरच्या डिशचा रिचार्ज संपल्यावर होतं, तसंच हे.

आपल्याकडे काय झालं?
आपल्या देशातही उपग्रह रेडिओ होता. वर्ल्डस्पेस कंपनीचा एशियास्टार उपग्रह मार्च २००० मध्ये आकाशात गेला. हे संच मुख्यतः घरात लावत. महाराष्ट्रातून तो उपग्रह आग्नेय दिशेला येई, म्हणून एरियल त्या बाजूच्या खिडकीत ठेवावं लागे. शास्त्रीय संगीतासाठी तर वेगळी स्टेशनं होती. जाहिराती जवळजवळ नव्हत्या, म्हणून कंपनी वर्गणीवर चाले. पण खर्च भागेना. ३१ डिसेंबर २००९ रोजी ही सेवा भारतात बंद पडली. ज्यांची वर्गणी शिल्लक होती, त्यांच्याही संचावरचे हे कार्यक्रम थांबले. उपग्रह आकाशात होता, संच चांगला होता, तरी गाणं नाही!

यातून आपण काय शिकावं?
वर्गणीची वस्तू घेताना दोन गोष्टींचा खर्च असतो : एक वस्तूचा, दुसरा दर महिन्याचा. म्हणून पालकांनी आधी तीन गोष्टी विचाराव्यात. वर्गणी संपल्यावर ही वस्तू दुसऱ्या कशाला उपयोगी पडेल का? वर्गणी आपोआप पुढे चालू राहते का? कंपनी बंद झाली तर पैसे परत मिळतील का? एकदम जास्त वर्षांचे पैसे भरू नयेत.

आकाशवाणी ऐकायला आज वर्गणी लागत नाही. पूर्वी मात्र रेडिओचं लायसन असे आणि त्याचे पैसे पोस्टात भरत. खोटं वाटत असेल तर आजोबांना विचारा!

सांगा पाहू :
१) उपग्रह रेडिओचं एरियल टपावरच का लावतात?
२) आग्नेय दिशा आपल्या शाळेच्या कोणत्या बाजूला आहे?

– इयत्ता ७ वी, विज्ञान मंडळ